फसव्या लिंका : पत्ता नेमका कुठून वाचायचा?

उंबरठा

परवा मी गंडता गंडता वाचले. गंडलेच म्हणा ना, फक्त ओटीपी टाकायचा राहिला होता.

एका पार्सलची वाट बघत होते. मेसेज आला : "पत्ता अपूर्ण असल्यामुळे आपले पार्सल थांबवले आहे, आजच दुरुस्त करा." खाली लिंक. लिंकची सुरुवातच त्या कुरिअरच्या नावाने. उघडली तर तेच रंग, तोच लोगो. नाव भरलं, फोन भरला, पत्ता भरला. मग "पुन्हा पाठवण्याचे किरकोळ शुल्क" म्हणून कार्डाचा नंबर मागितला, तोही भरला. ओटीपीचा मेसेज आला आणि त्यात रक्कम किरकोळ तर नव्हतीच, शिवाय दुकानाचं नाव कधी न ऐकलेलं. बोटं तिथेच थबकली. लगेच कार्ड बंद केलं.

रात्री शांतपणे ती लिंक पुन्हा पाहिली. कुरिअरचं नाव, मग टिंब, मग "ट्रॅक हायफन डिलिव्हरी", मग "डॉट टॉप". मी पहिला शब्द वाचला होता आणि पुढचं वाचायची गरजच वाटली नव्हती. आणि घरात सगळे फोनच्या शंका मला विचारतात!

तर प्रश्न असा : पत्ता नेमका कुठून आणि कसा वाचायचा? "नीट बघून क्लिक करा" असं सगळे सांगतात, पण नीट म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही.

(पत्ते मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. रोमनमध्ये लिहिले की इथे आपोआप लिंक होते आणि कुणीतरी त्यावर टिचकी मारतंच. प्रतिसादातही कृपया हेच पाळा.)

चष्मा_विसरलो

वाचलात! कार्ड लगेच बंद केलंत हे फार बरं झालं. माझ्याकडेही अगदी असाच मेसेज आला होता, पण मी काहीच मागवलं नव्हतं म्हणून सुटलो. त्यात हुशारी काही नाही.

रात्रपाळी

माझं कामच हे आहे, रात्रभर अशा लिंकांचा ढीग उपसत बसतो. त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी एक सूचना. कार्ड बंद केलंत, पण नाव, फोन आणि घरचा पत्ता त्यांच्याकडे गेलाय. आता बँकेतून बोलतोय असं सांगणारे फोन येतील, तुमचा पत्ता तेच तुम्हाला वाचून दाखवतील, आणि त्यामुळे ते खरे वाटतील. ठेवून द्यायचे. बँकेशी बोलायचं तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपण फोन करायचा.

आता मूळ प्रश्न. आपण पत्ता डावीकडून वाचतो, पण त्यातला मालक बसलेला असतो उजवीकडे. बहुतेक फसवे पत्ते याच फटीत बसवलेले असतात.

सुरुवातीच्या "एचटीटीपीएस"नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरकी रेघ येईल तिथे बोट ठेवा. बोटाच्या पुढचं सगळं विसरा, तिथे कुणीही काहीही लिहू शकतं. आता बोटापासून उलटं, डावीकडे वाचत या. पहिला तुकडा कॉम, ऑर्ग, टॉप असला काही असेल. ते गाव. त्याच्या डावीकडचा तुकडा म्हणजे घरमालक. त्याच्याही डावीकडे जे काही असेल त्या सगळ्या त्या घरातल्या खोल्या. आणि खोलीच्या दारावर कुठली पाटी लावायची हा मालकाचा प्रश्न. मी आमच्या अडगळीच्या खोलीवर "कोषागार" असं लिहिलं तर मला कोण अडवणार?

तुमच्या लिंकमध्ये गाव टॉप, घरमालक "ट्रॅक हायफन डिलिव्हरी", आणि कुरिअरचं नाव ही नुसती दारावरची पाटी.

टिंब आणि हायफन यांत गल्लत करू नका. तुकडे पाडतं ते टिंब. हायफन हा नावातलाच एक भाग. म्हणजे "लॉगिन डॉट माझीबँक डॉट कॉम" ही माझीबँकेच्याच घरातली खोली, पण "माझीबँक हायफन लॉगिन डॉट कॉम" हा कुणी तिसराच माणूस. असं नाव कुणालाही नोंदवता येतं आणि नोंदवायला पाच मिनिटं पुरतात.

आणखी एक जुनी चलाखी. पत्त्यात मध्येच ॲट हे चिन्ह आलं, तर पहिल्या तिरक्या रेघेच्या आत त्याच्या आधीचं सगळं निव्वळ वापरकर्त्याचं नाव समजलं जातं. "माझीबँक डॉट कॉम ॲट भलताच डॉट टॉप" तुम्हाला भलताचकडेच नेईल.

शंकासूर

मग "को डॉट यूके"वाल्या पत्त्यांचं काय? तुमच्या हिशोबाने त्या सगळ्यांचा घरमालक "को" झाला.

रात्रपाळी

बरोबर पकडलंत. तिथे गावाचं नावच दोन शब्दी आहे, मालक तिसऱ्या तुकड्यात. अशा जोडनावांची एक लांबलचक यादी मोझिला सांभाळते आणि ब्राउझर तीच वापरतात. तुम्ही नेहमी वापरता त्या साइटची शेपटी एकदा ओळखीची झाली की झालं, यादी पाठ करायची गरज नाही.

दुसरा अपवाद जास्त त्रासाचा. फुकटात वेबसाइट किंवा फॉर्म बनवून देणाऱ्या मोठ्या कंपन्या असतात. तिथे घरमालक अगदी नामांकित, पण खोली भाड्याने दिलेली, आणि भाडेकरू कोण ते मालकालाही धड माहीत नसतं. त्यामुळे शेवटी मोठ्या कंपनीचं नाव दिसलं म्हणून बँकेचा पासवर्ड तिथे द्यायचा नाही.

खडूफळा

रात्रपाळी यांचा प्रतिसाद सुरेख. पण घरमालकाचं नाव वाचतानाच डोळे फसले तर?

मी लहान मुलांना अक्षरं शिकवते, म्हणून हे मला लगेच पटतं. जुन्या छपाईत ख हे अक्षर र आणि व शेजारी-शेजारी ठेवल्यासारखं असायचं. त्यामुळे "खाणे" आहे की "रवाणे" असा घोळ व्हायचा. म्हणून र चं शेपूट व ला खालून जोडून टाकलं आणि भांडण मिटलं. रोमन लिपीत ही डागडुजी कुणी केलेली नाही. छोटा आर आणि छोटा एन चिकटून आले की हुबेहूब एम दिसतो. सी आणि एल मिळून डी. दोन व्ही म्हणजे डब्ल्यू. छोटा एल, मोठा आय आणि एक हा आकडा तर बऱ्याच फाँटमध्ये तिळे भाऊ. फोनच्या बारीक अक्षरांत तर विचारूच नका.

वर्गात मुलं घ आणि ध, भ आणि म यांत चुकतात तेव्हा मी त्यांना सुटं अक्षर दाखवते. इथेही तोच उपाय करून पाहिला. संशयित पत्ता कॉपी करून (न उघडता!) टिपणवहीच्या ॲपमध्ये चिकटवला आणि अक्षरं मोठी केली. आर-एनची जोडी लगेच सुटी झाली.

रात्रपाळी

खडूफळा, ख चं उदाहरण मी आता ऑफिसात वापरणार.

पण काही जोड्या कितीही मोठ्या केल्या तरी सुटत नाहीत. रशियन लिपीतला "अ" आणि रोमन "ए" दिसायला एकच. यंत्राच्या लेखी मात्र एकाचा क्रमांक ९७ आणि दुसऱ्याचा १०७२, म्हणजे दोन परके. २००२ साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी यावर लेख लिहिला आणि दाखवण्यासाठी रशियन अक्षरं घुसवून मायक्रोसॉफ्टच्या नावाचा जुळा पत्ता नोंदवूनही टाकला. मग ब्राउझरवाल्यांनी दोन लिप्यांची भेसळ पकडायला सुरुवात केली. तर २०१७ मध्ये एकाने ॲपलचं अख्खं नावच रशियन अक्षरांत नोंदवलं. भेसळ नाही म्हटल्यावर ते क्रोम आणि फायरफॉक्समध्ये चाळणीतून पार झालं. क्रोमने ५८व्या आवृत्तीत त्याचा बंदोबस्त केला.

असे पत्ते आतून "एक्स एन" आणि दोन हायफन अशा सुरुवातीने साठवले जातात. ब्राउझरला शंका आली की तो सुंदर रूप न दाखवता हेच रूप दाखवतो. रोमन नावाच्या साइटवर जाताना एकदम एक्स एन दिसलं, तर मागे फिरा. मात्र एक्स एन म्हणजे चोरच असंही नाही, देवनागरीतले सच्चे पत्तेसुद्धा आत याच रूपात असतात.

चष्मा_विसरलो

म्हणजे मी चष्मा लावला काय नि न लावला काय, सारखंच.

शंकासूर

हेच म्हणणार होतो. धागा छान आहे, पण ही सगळी कसरत रोज कोण करणार? २००६ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. २२ जणांना २० साइट दाखवून खरी कुठली, खोटी कुठली ते विचारलं. त्यातल्या सगळ्यात बेमालूम खोट्या साइटने ९० टक्के लोकांना फसवलं. तिचा पत्ता माहितीये? "बँक ऑफ द वेस्ट", फक्त वेस्टच्या डब्ल्यूच्या जागी दोन व्ही! खडूफळा यांची जोडी. आणि २३ टक्के लोकांनी तर ॲड्रेस बारकडे बघितलंच नाही, पान छान दिसतंय एवढ्यावर निकाल दिला.

लक्षात घ्या, या लोकांना खोटं ओळखायलाच बसवलं होतं. उंबरठा यांना पार्सल हवं होतं. घाईतल्या माणसाकडून टिंब-हायफनचं व्याकरण तपासून घेणं मला पटत नाही. लिंकवर जाऊच नका, विषय संपला.

उंबरठा

शंकासूर, पटतंय, पण सगळीकडे कसं चालेल? नवीन खातं उघडलं की ईमेल पडताळायची लिंक येते. पासवर्ड विसरला तरी लिंकच येते.

रात्रपाळी

ती लिंक तुम्ही स्वतः, त्याच मिनिटाला मागवलेली असते. न मागता दारात आलेली लिंक वेगळी. मेसेज कितीही खरा वाटो, त्या लिंकवरून आत जायचं नाही. ॲप उघडायचं किंवा आपण जपून ठेवलेल्या बुकमार्कवरून जायचं. खरंच काही काम अडलं असेल तर ते आत दिसेलच.

शंकासूर यांचं अर्धं मला मान्य आहे. डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. म्हणूनच पासवर्ड मॅनेजर वापरा. लोकांना वाटतं ती पासवर्ड लक्षात ठेवायची सोय. माझ्या मते त्याचा खरा उपयोग वेगळा : तो पत्ता बघत नाही, जुळवतो. दोन व्ही आणि एक डब्ल्यू त्याला कधीच सारखे दिसणार नाहीत. खोट्या साइटवर तो गप्प बसतो.

आणि इथेच माणसं चुकतात. आमच्याच टीममधल्या एकाची गोष्ट. मॅनेजर पासवर्ड भरेना. गडी वैतागला, "हे सॉफ्टवेअर नेहमी ऐनवेळी रुसतं" म्हणत पासवर्ड स्वतः कॉपी केला आणि पेस्ट केला. तो रुसला नव्हता. आमचीच सराव चाचणी होती म्हणून निभावलं. पण सकाळी जो लाल चेहरा झाला होता... असो. मॅनेजरने भरलं नाही की हात कीबोर्डवरून उचलायचे.

पासकीची (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेल्या डिजिटल किल्लीची) सोय असेल तिथे तर ती घ्याच. पासकी त्या एकाच पत्त्याला बांधलेली असते, दुसरीकडे ती देऊ म्हटलं तरी देता येत नाही.

शंकासूर

मान्य. पण उंबरठा यांच्या केसमध्ये पासवर्ड नव्हताच, कार्ड होतं. कार्डाचा नंबर कुठल्या पत्त्याला बांधलेला आहे?

रात्रपाळी

कुठल्याच नाही. तिथे मॅनेजरचा काही उपयोग नाही, कबूल. तिथे त्यांना ओटीपीच्या मेसेजनेच वाचवलं. आपण त्यातले आकडे तेवढे उचलतो आणि आजूबाजूचा मजकूर सोडून देतो. त्यांनी तो वाचला.

उंबरठा

खरं सांगू का, वाचला नव्हता. रक्कम इतकी मोठी होती की ती आपोआप दिसली. थोडी कमी असती तर गेलेच होते.

बरं, त्या साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्रही होतं, बरं का. आम्हाला तर "कुलूप बघा" असंच शिकवलं होतं.

तिरकस

चोराच्या घरालाही कुलूप असतंच की!

रात्रपाळी

तिरकस यांनी एका ओळीत आटोपलं. कुलूप इतकंच सांगतं की वाटेत कुणी ऐकत नाहीये. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. २०१५च्या अखेरीपासून तर कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि आपोआप मिळायला लागलं, मग चोरांनी तरी का सोडावं? लोकांचा हा गैरसमज जाईना, म्हणून सप्टेंबर २०२३मध्ये क्रोमने ते चित्रच काढून टाकलं. आता तिथे सेटिंगची खूण दिसते.

अवांतरपंत

अवांतर आहे, पण राहवत नाही. हे उजवीकडून वाचायचं झेंगट अटळ नव्हतं. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या जाळ्यात पत्ते उलट क्रमाने लिहायचे : आधी यूके, मग एसी, मग विद्यापीठ, मग विभाग. मोठ्याकडून लहानाकडे. बाकीच्या जगाने उलटा क्रम धरला आणि तोच टिकला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीही नंतर लिहिलंय की पत्ता "कॉम"पासून सुरू होऊन पुढे जायला हवा होता. तसं असतं तर उंबरठा यांना पहिल्याच शब्दाला "टॉप" दिसलं असतं.

गावाच्या नावातही एक अक्षर गळलं की माणूस कुठल्या कुठे पोचतो. अमेरिकी लष्कराची शेपटी एमआयएल, माली देशाची एमएल. मधला आय गळाल्यामुळे लष्करासाठी लिहिलेल्या ईमेल वर्षानुवर्षं मालीच्या पत्त्यावर जात होत्या, हे २०२३मध्ये बाहेर आलं. तिथे तर कुणी फसवलंही नव्हतं.

खडूफळा

पंत, असं अवांतर चालेल!

तिरकस

सगळे सामान्य माणसालाच शहाणं करायला निघालेत. कंपन्यांचं काय? आमच्या ऑफिसात सुरक्षेचं प्रशिक्षण झालं : अनोळखी डोमेनवर (म्हणजे घरमालक आणि गाव मिळून होणाऱ्या नावावर) क्लिक करू नका. आठवड्याने मनुष्यबळ विभागाची मेल आली, "हे सर्वेक्षण सर्वांना सक्तीचे." लिंक कुठली? बापजन्मात न ऐकलेल्या डोमेनची. मी इमानदारीत ती फसवी मेल म्हणून कळवली. उत्तर आलं, "ती खरी आहे, कृपया आजच भरा." आता सांगा, मी शिकलो काय?

आणि मोठ्यांचंही तेच. २०१७मध्ये लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या कंपनीकडून अमेरिकेतल्या चौदा कोटींहून जास्त लोकांची माहिती चोरीला गेली. लोकांना मदत म्हणून कंपनीने स्वतःच्या डोमेनवर पान काढायचं सोडून नवंच डोमेन घेतलं, "इक्विफॅक्ससिक्युरिटी२०१७". एका प्रोग्रॅमरने हे किती धोक्याचं आहे ते दाखवायला शब्द उलटे करून "सिक्युरिटीइक्विफॅक्स२०१७" असं नक्कल-पान केलं. आणि कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच ग्राहकांना त्या नकली पानाची लिंक दिली. एकदा नाही, अनेकदा! त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं म्हणून बरं.

शंकासूर

+१. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. साइटचा मालकच आपलं दार ओळखत नसेल, तर पाहुण्याने काय ओळखावं?

नवीन_सभासद

नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होतो. मी लिंकवर कधीच जात नाही, सर्चमध्ये नाव टाकून पहिल्या निकालावर जातो. हे सुरक्षित ना?

रात्रपाळी

स्वागत आहे. आणि नाही. पहिला निकाल बऱ्याचदा जाहिरात असते. ऑक्टोबर २०२३मध्ये कीपास या पासवर्ड मॅनेजरच्या नावाने (काय हा योगायोग) गूगलवर अशी जाहिरात लागली होती. जाहिरातीत पत्ता खरा दिसत होता. पोचल्यावर पत्त्यातल्या "के" या अक्षराखाली एक बारीकसा ठिपका. म्हणजे अक्षरच वेगळं. बघणाऱ्याला वाटावं, स्क्रीनवर धूळ बसलीये. सर्चवरून जायचंच असेल तर जाहिरात असं लिहिलेले निकाल सोडून खाली या. एकदा खऱ्या जागी पोचलात की बुकमार्क करा आणि पुढे तोच वापरा.

क्यूआर कोड आणि लघुदुवे यांनाही हेच लागू. कोड स्कॅन केल्यावर फोन आधी पत्ता दाखवतो, तिथे क्षणभर थांबायचं.

चष्मा_विसरलो

एक प्रश्न. "अमक्या खात्याने लॉगिन करा" म्हटल्यावर छोटी खिडकी उघडते, तिच्यात वर पत्ता बरोबर दिसतो. ती तरी खरी असते ना?

रात्रपाळी

ती अख्खी खिडकी चित्र असू शकते, पत्त्याच्या पट्टीसकट. २०२२पासून ही युक्ती बरीच गाजली. संगणकावर असाल तर ती खिडकी माउसने ओढून मूळ ब्राउझरच्या कडेबाहेर न्यायचा प्रयत्न करा. खरी असेल तर बाहेर येईल. चित्र असेल तर कडेशी अडकेल.

चष्मा_विसरलो

आत्ताच दोन ठिकाणी ओढून पाहिली. दोन्ही बाहेर आल्या. हुश्श.

खडूफळा

वाचनखूण साठवली. काल बाबांना फोनवर रात्रपाळी यांची घर-खोल्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी त्यांच्याकडचा एक मेसेज उघडून पहिल्या तिरक्या रेघेवर बोट ठेवलं आणि मला उलटं वाचून दाखवलं, "गाव एक्सवायझेड, मालक अपडेट हायफन केवायसी, आणि खोलीत बँक बसलीये." मग स्वतःच म्हणाले, "ही बँक भाडेकरू दिसते."

उंबरठा

तुमच्या बाबांना शंभर पैकी शंभर!

आज मला परत मेसेज आलाय. पार्सल थांबलंय, पत्ता अपूर्ण. शब्द जवळजवळ तेच. उलटं वाचलं : गाव कॉम, मालक कुरिअरच, खोली "ट्रॅक". टिपणवहीत चिकटवून अक्षरं मोठी करूनही पाहिली. काही सापडत नाहीये. उघडू?

शंकासूर

नाही.

रात्रपाळी

खरी असावी. तरीही नाही. ॲप उघडून बघा.

उंबरठा

ॲपमध्ये बघितलं. पार्सल खरंच अडकलंय. घर क्रमांक लिहायचा राहिला होता.